झाडाला ताठ कोण ठेवतं? स्थूलकोन ऊती, दृढ ऊती आणि पेरूतले खडे

नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी चार प्रश्न विचारले आहेत. मूल ऊती, स्थूलकोन ऊती आणि दृढ ऊती (ऊती म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह) या तिघींच्याही कामात ‘आधार देणे’ येतं, तर एका कामाला तीन ऊती कशाला? एका मुलाने दृढ ऊतीचं उदाहरण म्हणून ‘कापूस’ लिहिलंय, त्याला गुण द्यायचे का? पेरू खाताना दाताखाली येणारे खडे म्हणजे काय? आणि यातलं काही शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवता येईल का? वनस्पतींचे काप घेण्यात आणि मुलांकडून ते करवून घेण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

मुद्द्याचं आधी सांगतो. प्रत्येक ऊतीला एकच प्रश्न विचारायचा: हा भाग अजून वाढतोय का? कोवळा शेंडा रोज लांब होत असतो. त्याला आधार हवा, पण तो आधार त्याच्याबरोबर ताणलाही गेला पाहिजे. वाढ संपलेल्या खोडाला ताणणारा आधार नको, ताठ आणि टिकाऊ हवा. या दोन गरजा एका प्रकारच्या भित्तीतून भागत नाहीत, म्हणून दोन ऊती. पुस्तकात त्या शेजारी शेजारी आकृत्यांत दिसतात, त्यामुळे एकाच वयाच्या वाटतात. खोडात मात्र बहुतेक वेळा एकीचं काम आधी सुरू होतं आणि दुसरीचं मागून.

मूल ऊतीचा आधार पाण्याचा. पेशीची भित्ती पातळ, आत मोठी रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, ती पाण्याने भरली की पेशी फुगते आणि शेजारच्या पेशींवर दाब देते. हा दाब साधारण 0.5 ते 1 मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाच ते दहा पट असू शकतो. कोथिंबिरीची जुडी दुपारी माना टाकते आणि पाण्यात उभी केली की तासाभरात सावरते, तो सगळा मूल ऊतीचा कारभार. याउलट कडबा बघा. पाणी कधीच उडून गेलेलं असतं, पेशी मेलेल्या असतात, तरी पेंढी उभी राहते. कोथिंबीर आणि कडबा या दोन टोकांमध्ये आपला विषय बसतो.

आता स्थूलकोन ऊती, म्हणजे महाविद्यालयात गेल्यावर मुलं जिला कोलेन्कायमा म्हणतात ती. तिच्या पेशी जिवंत असतात, लांबट असतात, आणि त्यांची भित्ती सगळीकडे सारखी जाड नसते. कोपऱ्यांत जाड, मध्ये पातळ. ही भित्ती प्राथमिकच असते. सेल्युलोजबरोबर तिच्यात पेक्टिन (पेशींना जोडणारं चिकट द्रव्य) आणि पाणी भरपूर असतं, लिग्निन (भित्ती कडक करणारं द्रव्य) नसतं. म्हणून ताज्या कापात ती ओलसर, मोत्यासारखी चमकते. एकदा ओळखली की रंग न देताही सापडते. जागाही ठरलेली: बाह्यत्वचेच्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थराच्या, लगेच खाली, खोडाच्या आणि देठाच्या बाहेरच्या अंगाला. तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. त्या चारही कोपऱ्यांत स्थूलकोन ऊतीचे पट्टे असतात. कोथिंबिरीच्या दांडीवरच्या उभ्या कंगोऱ्यांतही तीच.

‘एकदलिकित (बीत एकच दल असलेल्या) वनस्पतींत स्थूलकोन ऊती नसते’ हे वाक्य मुलं पाठ करतात आणि मका, ज्वारी, ऊस यांच्या खोडांपुरतं ते बरोबर आहे. पण अळू एकदलिकित असूनही त्याच्या देठात सालीखाली स्थूलकोन ऊतीच्या जुड्या असतात. अळूवडीची पानं निवडताना देठाचे जे दोरे ओढून काढतो, त्यांत त्या असतात. (घशाला खाज सुटते ती मात्र यांच्यामुळे नाही. ती वेगळ्या पेशींतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांची करामत.) नियम सांगावा, पण ‘बहुधा’ हा शब्द वगळू नये.

ताणण्याच्या बाबतीत या ऊतीची परीक्षा फार जुनी आहे. 1881 मध्ये जर्मनीत आम्ब्रोन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी स्थूलकोन ऊतीचे पट्टे सोलून त्यांना वजनं टांगली. तुटायला दर चौरस मिलिमीटरला 10 ते 12 किलो लागले. दृढ ऊतीच्या तंतूंना 15 ते 20 किलो. म्हणजे ताकदीत फार अंतर नाही. खरा फरक वजन काढल्यावर कळतो. तंतू तुटण्याच्या बेतात येईपर्यंत ताणले तरी मूळ लांबीवर परत येतात. स्थूलकोन ऊतीचा पट्टा दीड-दोन किलोलाच कायमचा लांबतो, परत येत नाही. वाढत्या देठाला नेमकं हेच हवं असतं. शेंड्यात परत आखडणारे तंतू भरले असते तर त्यांनी प्रत्येक वाढ मागे खेचली असती.

ही ऊती वाऱ्याचंही ऐकते. धोतऱ्याची रोपं रोज हलवून वाढवली, तर न हलवलेल्या रोपांपेक्षा त्यांच्या स्थूलकोन ऊतीची भित्ती लवकर आणि जास्त जाड होते, हे 1960 सालच्या प्रयोगांत दिसलं आहे. स्पर्शाने आणि हलवण्याने वाढीत होणाऱ्या बदलांना मार्क जॅफ यांनी 1973 मध्ये थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं भारदस्त नाव दिलं. रोपवाटिकावाल्यांना नाव ठाऊक नसलं तरी गोष्ट ठाऊक असते: शेडनेटच्या आडोशाला वाढलेली टोमॅटोची रोपं थेट उघड्या रानात लावली की लवतात. म्हणून लावणीआधी ती काही दिवस ऊन-वाऱ्यात ठेवतात. पाणी तोडल्याचा, उन्हाचाही त्यात वाटा असतो. सगळं श्रेय वाऱ्याला देऊ नये.

दृढ ऊतीची पेशी आधी आपली लांबी पूर्ण करते, मगच भित्ती चढवायला घेते. प्राथमिक भित्तीच्या आतून दुय्यम भित्तीचे थर बसतात, त्यांत लिग्निन मुरतं. लिग्निनमुळे भित्ती कडक होते, पाणी झिडकारते आणि जंतूंना सहज पचत नाही. आतली पोकळी बारीक होत जाते, बहुतेक पेशींतलं पेशीद्रव्य संपतं आणि भित्तीचा सांगाडा कामाला लागतो. इथेही ‘दृढ ऊतीच्या पेशी मृत असतात’ हे वाक्य थोडं सैल करायला हवं. बांबूतले बरेच तंतू वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि भित्ती जाड करत राहतात. कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो, पण काठीला खरी मजबुती येते ती पुढच्या दोन-तीन वर्षांत. बुरूड कोवळी काठी घेत नाही त्याचं हे कारण.

भाजीबाजारात भेंडीचं टोक मोडून बघण्याची सवय आहे ना, ती याच संक्रमणाची चाचणी. कोवळ्या भेंडीत तंतूंच्या जागा ठरलेल्या असतात, पण भित्ती अजून पातळ असते. टोक कट्‌कन मोडतं. झाडावर दोन-चार दिवस जास्त राहिली की लिग्निन चढतं आणि टोक नुसतं वाकतं. मग कितीही शिजवा, उपयोग नाही. शिजवल्याने पेशींना जोडणारं पेक्टिन सुटतं, लिग्निन नाही.

दृढ ऊतीत दोन घराणी. लांब, टोकदार पेशी म्हणजे तंतू. आखूड किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी म्हणजे दृढपेशी. त्यांतल्या गोलसर दृढपेशींना अश्मपेशी म्हणतात, आणि पेरूतले खडे म्हणजे याच अश्मपेशींचे पुंजके. बिया वेगळ्या, हे वेगळे. पेरूचा बिया नसलेला, सालीजवळचा गर घ्या. टाचणीच्या डोक्याएवढा गर काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सुईने विस्कटा, झाकणकाच ठेवून बोटाने हलके दाबा. गराच्या पातळ पेशी फुटून पसरतात आणि मध्ये पिवळसर, काचेसारखे पुंजके उरतात. त्यातली एक पेशी नीट धरा. भित्ती इतकी जाड की आतली पोकळी नुसती फट दिसते. भित्तीत एकाभोवती एक बारीक वलयं, आणि पोकळीपासून बाहेर जाणाऱ्या, वाटेत फाटे फुटलेल्या बारीक नळ्या. या नळ्या म्हणजे खळग्या. भित्ती चढत असताना शेजारच्या पेशीशी देवाणघेवाणीसाठी राखलेल्या वाटा. भित्ती आत सरकत गेली तसतशा दोन-तीन वाटा एकत्र आल्या, म्हणून फाटे. मुलांना ही एक पेशी दाखवली की ‘दुय्यम भित्ती आतून चढते’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

नासपतीतली रवाळ चव याच पेशींची. पेरूत आणि नासपतीत त्या गरात सुट्या विखुरलेल्या असतात, तर नारळाच्या करवंटीत एकमेकींना घट्ट चिकटून अख्खं कवच होतं. चहाच्या पानात तारकेसारख्या फाटे फुटलेल्या दृढपेशी असतात आणि चहाच्या भुकटीतली भेसळ ओळखताना त्या उपयोगी पडतात. कडधान्यांच्या सालीत तर अशा पेशींची पूर्ण रांग असते, खांबासारख्या उभ्या, एकीला एक टेकून. काही दाण्यांत ही रांग पाण्याला आत शिरूच देत नाही. मटकी रात्रभर भिजवूनही तळाशी जे गणंग दाणे राहतात ते असे. दाण्याच्या दृष्टीने हा दोष नव्हेच. सगळ्या बिया एकाच पावसात उगवू नयेत याची ती सोय आहे.

तंतूंची गोष्ट आपल्याकडे वाखाची, म्हणजे दोर वळायच्या तंतूंची. अंबाडी, बोरू ताग, ज्यूट यांचा वाख खोडाच्या सालीतून, म्हणजे रसवाहिनीच्या (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीच्या) भागातून येतो. घायपाताचा पानातून. अंबाडीची ताटं पाण्यात बुडवून कुजवतात तेव्हा जिवाणू तंतूंच्या जुड्यांभोवतालचं पेक्टिन आणि मऊ पेशी खातात, आणि लिग्निन असलेल्या जुड्या मागे राहतात. त्या धुऊन, वाळवून, वळून दोर होतो. हातात येणारा हातभर लांब वाख म्हणजे एक पेशी नव्हे. ज्यूटची एकेक पेशी साधारण 1 ते 6 मिलिमीटरची असते, अशा पेशी टोकांना एकमेकींत घुसून बसलेल्या असतात. जास्त दिवस कुजवलं तर पेशी-पेशींमधलं पेक्टिनही जातं आणि वाख कमजोर होतो. कुजवण्यात खरं कसब कधी थांबायचं ते कळण्यात आहे. काथ्यात लिग्निन सगळ्यात जास्त, 40 टक्क्यांच्या आसपास. ज्यूटमध्ये 12-13 टक्के. खाऱ्या पाण्यात काथ्याची दोरी का टिकते ते यावरून कळतं.

आता कापूस. मी गुण देणार नाही. सरकीच्या सालीवरच्या बाह्यत्वचेतली एकेक पेशी फूल उमलण्याच्या सुमारास बाहेर वाढू लागते आणि 25-35 मिलिमीटर लांब केस होते. कापसाचा धागा म्हणजे असा एकपेशी केस. त्यात 90 टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असतं, लिग्निन नाही, आणि झाडाला आधार देण्याशी त्याचा काही संबंध नाही. कापड गिरणीच्या भाषेत तो तंतू, वनस्पतिशास्त्रात केस. शेवरीचा कापूसही केसच, फक्त तो बीवरून न येता फळाच्या भिंतीच्या आतल्या बाजूने येतो. पण त्या मुलाने वाख आणि कापूस एका रांगेत का ठेवले हे समजण्यासारखं आहे, तेव्हा लाल फुली मारण्याआधी त्याच्याशी बोला. उदाहरण म्हणून अंबाडी, घायपात, काथ्या, करवंटी चालतील.

पुस्तकांत जे सहसा येत नाही ते असं, की आधार पेशीच्या प्रकारावर जितका अवलंबून तितकाच तिच्या जागेवर. 1874 मध्ये श्वेन्डेनर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकदलिकित वनस्पतींच्या खोडांकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिलं. खोड वाऱ्याने वाकतं तेव्हा एका बाजूला ताण, दुसऱ्या बाजूला दाब येतो आणि दोन्ही सर्वांत जास्त असतात कडेला. मधोमध जवळपास काही नाही. मग महागडी दृढ ऊती कडेला ठेवणं शहाणपणाचं. मक्याच्या खोडात बाह्यत्वचेखाली दृढ ऊतीचे दोन-तीन थर असतात, आणि वाहकपूल (पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांच्या जुड्या) बाहेरच्या बाजूला दाटीने, मध्ये विरळ. बांबूतही तसंच. त्याच्या काठीत साधारण निम्मा भाग मूल ऊती, 40 टक्के तंतू आणि 10 टक्के वाहक पेशी, पण तंतूंची दाटी हिरव्या सालीकडे. बुरूड टोपलीसाठी सालीकडच्या कांब्या वेगळ्या काढतो ते उगीच नाही. माडाचा वासा घेतानाही बाहेरचं काळपट, जड लाकूड घेतात आणि आतला भुसभुशीत गाभा टाकतात. जमिनीतल्या मुळांत मात्र उलटा हिशेब. मुळावर येतो तो मुख्यतः ओढ, तिला दोरखंडासारखी मधली एकवटलेली गाठ पुरते, म्हणून मुळातल्या वाहिन्या आणि तंतू मध्यभागी जमलेले असतात.

पण कडेचे तंतू एकट्याने खोड पेलत नाहीत. रब्बी ज्वारीचा खडखड्या रोग पाहिला असेल त्याला हे पटेल. फुलोऱ्यानंतर जमिनीतली ओल आटते, उष्णता वाढते आणि मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी खोडात शिरते. असं ताट बुडाजवळ चिरून बघा. आतला मऊ भेंड, म्हणजे मूल ऊती, सडून नाहीशी झालेली, आणि वाहकपूल सुट्या दोऱ्यांसारखे उरलेले, त्यांवर बुरशीच्या बारीक काळ्या कणांचा कोळशासारखा थर. तंतू जागच्या जागी असतात, लिग्निनही शाबूत. तरी ताट बुडातून मोडून पडतं. दोऱ्यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारी मूल ऊती गेली, की कणखर तंतूही नुसते पिळून वाकतात. ‘मूल ऊती आधार देते’ या पुस्तकातल्या वाक्याला एवढा अर्थ आहे, पाण्याच्या दाबापलीकडचा.

भात-गहू लोळण्यामागे मात्र वेगळी कारणं असतात. युरिया जास्त झाला की बुडाकडची पेरं लांब आणि भित्ती पातळ राहतात, वर ओंबीचं ओझं वाढतं. हरितक्रांतीतल्या गव्हाच्या आणि भाताच्या जातींनी यावर पेशींत फेरफार न करता उंचीच कमी करून तोड काढली. 1966 चा आयआर-8 भात हे त्याचं ठळक उदाहरण.

लाकूड हा स्वतंत्र विषय आहे. इथे एवढंच, की सूचिपर्णी (पाइनसारख्या) झाडांत पाणी नेणं आणि भार पेलणं ही दोन्ही कामं वाहिनिका नावाच्या लांबट पेशी करतात, तर सागासारख्या सपुष्प झाडांत पाणी मुख्यतः वाहिन्या नेतात आणि भार मुख्यतः जलतंतूंवर, म्हणजे लाकडातल्या तंतूंवर, असतो. त्यातले काही तंतू ढकलण्यापेक्षा ओढण्यात तरबेज असतात. आडव्या फांदीच्या वरच्या अंगाला असलेल्या अशा तंतूंत सेल्युलोज भरपूर आणि लिग्निन अगदी कमी असतं. ते आखडतात आणि फांदीला वर खेचून धरतात. वडाच्याच गोतातल्या फायकस बेंजामिनाच्या पारंब्यांतही हे तंतू सापडले आहेत. जमिनीत रुजलेली पारंबी त्यांच्या आखडण्याने ताठ, सरळ होते.

शेवटी वर्गातलं प्रात्यक्षिक. लाल भोपळ्याचा एकच वेल घ्या आणि त्याच्यावर तीन ठिकाणी काप करा: शेंड्याजवळ, तिसऱ्या-चौथ्या पेराला आणि खाली जुन्या भागात. नवीन दाढीचं पातं, पाण्याने ओलं ठेवलेलं, आणि काप शक्य तितका पातळ. पूर्ण गोल काप येण्याचा हट्ट धरू नका, पाचरीसारखा तुकडा पुरतो. सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्यात (लिग्निन ते धरून ठेवतं) मिनिटभर ठेवून पाण्याने चांगलं धुवा. न धुतलेल्या कापात सगळंच लाल दिसतं आणि मुलं गोंधळतात. तिन्ही कापांत बाहेरच्या कंगोऱ्यांखाली कोपरे जाड झालेली स्थूलकोन ऊती असेल, सॅफ्रानिन फारसं न धरणारी. तिच्या आत, वाहकपुलांच्या दोन वर्तुळांच्या बाहेर, दृढ ऊतीचं सलग कडं असायला हवं. शेंड्याच्या कापात ते लाल होत नाही, कारण अजून लिग्निनच नाही. मधल्या कापात तुटक लाल आणि जुन्या कापात पूर्ण लाल वलय. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या तीन काचपट्ट्यांत दिसतं.

लिग्निनची पक्की खात्री हवी असेल तर फ्लोरोग्लुसिनॉल वापरा. अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब कापावर टाकून दोन मिनिटं थांबा, मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. लिग्निन असेल तिथे गडद लाल-जांभळट रंग येतो. पेरूच्या अश्मपेशींवर हा रंग अप्रतिम दिसतो आणि कापसाच्या केसावर अजिबात येत नाही, म्हणजे त्या मुलाचा वाद तिथेच मिटवता येईल. आम्ल मुलांच्या हाती देऊ नका, थेंब शिक्षकांनीच टाकावा. त्याच्या वाफांनी भिंगं खराब होतात, तेव्हा झाकणकाच ठेवूनच बघा, बघून झाल्यावर पट्टी लगेच काढा. आणि हा रंग फार वेळ टिकत नाही. नेत्रभिंगाला मोबाइल लावून फोटो आधी काढून घ्या, वर्ग रांगेत उभा राहीपर्यंत तो फिका पडलेला असतो.